पांढरीची माती कुठल्या भूगोलात?

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावात शिरताना रस्ता थोडा चढतो. एसटीत बसलेल्याला ते जाणवत नाही, सायकलवाल्याच्या मांड्यांना मात्र कळतं. चहूकडे सपाट शिवार, मधोमध दहा-पंधरा फुटांचा उंचवटा, आणि त्यावर वेस, देऊळ, वाडे, घरं. या उंचवट्याला पांढर म्हणतात आणि भोवतीच्या रानाला काळी. कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. भूगोल नावाचा विषय शाळेत येण्याच्या कितीतरी आधी गावाने ही वाटणी करून ठेवली होती.

कॉलेजात तीच वाटणी दोन रकान्यांत येते. प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल यांतला फरक लिहा, दहा गुण. डावीकडे भूरूपं, हवामान, नद्या, मृदा, वनस्पती. उजवीकडे लोकसंख्या, वस्ती, शेती, उद्योग, वाहतूक, भाषा. डावीकडचं माणूस नसता तरी असतं, उजवीकडचं माणसामुळे आहे. परीक्षेपुरतं हे बरोबर आहे आणि गुणही मिळतात. पण उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, पांढरीची माती कुठल्या रकान्यात टाकशील?

ओढ्याने किंवा जेसीबीने पांढरीचा कडा कापला असेल तिथे जवळ जाऊन बघावं. वरचा हातभर थर भुरा, मऊ, बोटाने खरवडला की पिठासारखा सुटतो. त्याखाली राखेची पातळ करडी रेघ. मग खापराचे तुकडे, हाडाचा चुरा, जळक्या मातीचा तांबूस पट्टा, पुन्हा राख. कुठे एखाद्या जुन्या भिंतीची मातीची वीट अर्धवट विरघळलेली दिसते. सगळं मिळून ही माती म्हणजे पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, चुना आणि उकिरडा. घर पडलं की तीच माती चोपून वर नवं घर उभं राहायचं. शंभर वर्षांत काही इंच, हजार वर्षांत काही फूट. डोंगर झिजून गाळ साचतो तशी इथे गावं झिजून पांढर साचली. ती थरांनी बनलेली, म्हणून भूशास्त्राच्या पद्धतीने वाचता येते. आणि प्रत्येक थर माणसाच्या हातचा.

काळीचं तसं नाही. दख्खनच्या पठारावर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातून बेसाल्ट झाला, आणि कमी पावसाच्या, तापत्या हवेत तो झिजता झिजता काळी चिकणमाती झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. चैत्र-वैशाखात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भारी जमिनीत त्या कमरेइतक्या खोल जातात.

दोन्ही मातींतला फरक घरच्या घरी तपासता येतो. मूठभर माती ओली करून तळहातावर वळावी. काळीची आगपेटीच्या काडीएवढी बारीक वात होते आणि ती अंगठीसारखी वाकवली तरी तुटत नाही. पांढरीची वात वळता वळताच तुटते. नेमकं हवं असेल तर प्रयोगशाळेतली रीत अशी: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, भट्टीत वाळवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची, १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घालून एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरायचं, ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या आकारमानातला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के, तो मातीचा मुक्त फुगवटा. हा आकडा ५० च्या वर गेला तर त्या मातीवर साधा पाया घालायचा नाही. घाई करून चार तासांत वाचन घेतलं तर आकडा कमी येतो, आणि बांधणाऱ्याचा तिथेच घात होतो. सोलापूरच्या नव्या वसाहतींत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या निघालेल्या भेगा दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशा मातीवरच्या उथळ पायाच्या. काळी खणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, आणि मुरूम फारच खोल असेल तर तळाशी कंद असलेले खांब घ्यायचे, हे इंजिनिअरला ठाऊक असतं. पण खोदाईचा खर्च जमिनीत गाडला जातो, कुणाला दाखवता येत नाही, म्हणून तो वाचवला जातो.

गावातल्या जुन्या माणसांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला होता. घर पांढरीवर, आणि घराचं छतही पांढरीचंच. इकडच्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, रचना साधी आहे. भिंतींवर आणि खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर लाकडी तुकड्यांचं किलचन, वर पाल्याचा थर आणि त्यावर फूटभर पांढरी माती चोपून घातलेली. पन्हाळीकडे किंचित उतार. मधे उजेडासाठी आणि धुरासाठी भोक, त्याला साणं म्हणतात. मृगाच्या आधी वर चढून रान उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पांढरीचा नवा हात फिरवायचा. ही माती फुगत नाही, म्हणून सुकल्यावर फाटत नाही. कुणी आळसाने शेतातली काळी आणून टाकली तर उन्हाळ्यात छताला भेगा पडतात आणि पहिला वळीव थेट अंथरुणावर येतो.

मातीचं सपाट छत सोलापुरात चालतं आणि महाबळेश्वरात चालत नाही. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं गाव, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश. फूटभर माती डोक्यावर असली की दुपारची उष्णता खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते. हवामानाने छत ठरवलं, असं इथवर म्हणता येतं, आणि निसर्ग माणसाला घडवतो असं मानणाऱ्यांना हे उदाहरण आवडतंही.

पण त्या छताचं वजन करून बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, साधारण साडेचार ते पाच टन. दरवर्षी नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं चाललं की तुळया वाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं गेली. जमीन हलली हा प्राकृतिक भूगोल. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली, हा मानवी. जे छत शेकडो उन्हाळ्यांना पुरून उरलं, तेच एका पहाटे घातकी ठरलं. धक्क्याची तीव्रता सांगितली की हानी समजली, असं म्हणून चालत नाही. भिंत कशाची होती तेही विचारावं लागतं.

पुन्हा काळीकडे. सोलापूरचा पाऊस सप्टेंबरात सर्वांत जास्त असतो. म्हणून इथली मुख्य ज्वारी खरिपाची नसून रब्बीची, आणि पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. पेरणीनंतर पाऊस आला तर आला, एरवी पीक जमिनीत साठलेल्या पाण्यावरच निघतं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी बसतं. हीच जमीन हातभर खोल असेल तर दाणे भरायच्या आत ओल संपते. म्हणून इथे वाण जमिनीच्या खोलीवरून निवडतात. फूटभर हलक्या जमिनीत फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून भारीत फुले वसुधा, फुले यशोदा. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेला. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासूनचं.

पेरणी ४५ सेंटिमीटरवर, बियाणं हेक्टरी दहा किलो. त्यानंतरचं काम कोळप्याचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधून ओढायच्या औताचं, आणि ते बघण्यासारखं असतं. तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी, तणासाठी. पाचव्या आठवड्यात दुसरी, तेव्हा जमिनीला बारीक भेगा पडू लागलेल्या असतात. आठव्या आठवड्यात तिसरी, दातेरी कोळप्याने. तिचा उद्देश तण नसतोच. वरची दोन-तीन इंच माती मोकळी करून ती भेगांत ढकलायची, म्हणजे खालची ओल भेगेतून उडून जात नाही. ही तिसरी कोळपणी मजुरी वाचवायला टाळली की पोटरीत आलेलं पीक करपतं, आणि मग माणूस म्हणतो पावसाने दगा दिला. मातीची भेग प्राकृतिक, ती बुजवायचा वार ठरवणारं शहाणपण मानवी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या 'भौगोलिक' शब्दात भीमेकाठची काळी जमीन येते आणि ती कोळपणारे हातही येतात.

नकाशावर हे दोन भूगोल कसे दिसतात? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकावर येतं. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. एका पत्रकात दोन्ही बाजूंनी सुमारे २७ किलोमीटरचा मुलूख. तपकिरी रेषा उंचीच्या, निळा रंग पाण्याचा, लाल वस्ती आणि रस्त्यांचा, पिवळा लागवडीखालच्या जमिनीचा. समोच्च रेषा दर २० मीटरला. सह्याद्रीच्या पत्रकावर त्या इतक्या दाट असतात की कागद तपकिरी दिसतो, सोलापूरच्या पत्रकावर मात्र दोन रेषांमध्ये अख्खं गाव बसतं. विद्यार्थी म्हणतात, सर, ह्याच्यात काही नाहीच. आहे. ओढे बघा. बारमाही पाणी निळ्याने दाखवतात, कोरडे प्रवाह काळ्याने. सोलापूरच्या पत्रकावर बहुतेक ओढे काळे आहेत. दुष्काळ म्हणजे काय हे त्या शाईच्या रंगातून जितकं कळतं तितकं पावसाच्या सरासरीतून कळत नाही. आणि पिवळा रंग? शेत मानवी म्हणायचं की प्राकृतिक? रंग देणाऱ्याने निवाडा टाळलेला दिसतो, आणि ते मला बरं वाटतं.

क्षेत्रभेटीच्या अहवालांत नेहमी एक चूक होते. पहिलं प्रकरण 'प्राकृतिक रचना', दुसरं 'लोकसंख्या', आणि दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. पर्जन्यमान संकेतस्थळावरून, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून: जिल्हा ४३,१७,७५६, शहर ९,५१,५५८. झालं. त्यापेक्षा एक ओढा धरावा आणि उगमापासून संगमापर्यंत चालावं. दर अर्ध्या किलोमीटरला दोनच नोंदी करायच्या: काठाला माती किती खोल आहे, आणि काठाला काय उभं आहे. मुरूम उघडा पडला की माळ आणि मेंढरं, माती कमरेइतकी झाली की ज्वारी, विहीर आली की कांदा, वीज आणि पाइपलाइन आली की ऊस. दोन प्रकरणं आपोआप एक होतात.

मात्र शहरात आलात की हा धागा तुटतो. कापडधंद्याला दमट हवा लागते, म्हणून तो मुंबईत वाढला, असं शाळेत शिकवतात. मग सोलापूर? उन्हाळ्यातल्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता पंचविशीच्या खाली-वर असते. कापसाच्या सुतात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरलेली असते. हवा कोरडी झाली की सूत ती सोडतं, कडक होतं, सुताला बळकटीसाठी लावलेली पाजणीची खळ ठिसूळ होते आणि ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीने ताणलेले, धागे तटातट तुटतात. नुसता प्राकृतिक भूगोल वाचणाऱ्याने इथे गिरणी काढलीच नसती. ती निघाली. १८६० मध्ये मुंबईकडून आगगाडी सोलापुरात पोचली. १८७६-७८ च्या दुष्काळाने माणसं रानातून शहराकडे लोटली, आणि त्याच सुमारास इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती जुनी मिल. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला. शहराच्या त्या बाजूला आजही तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात, आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कन्नड.

कोरड्या हवेचं त्यांनी काय केलं? खड्डा माग बघा. विणकर जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे माग चालवायच्या पायपट्ट्यांवर. ताणा जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. खड्ड्यातली ओलसर माती त्या ताण्याखाली दमट हवेचा पट्टा तयार करते. बाहेर त्रेचाळीस अंश असताना या चार हातांच्या जागेत मात्र मुंबईचं हवामान. गिरण्यांनी तेच काम छतातून पाण्याचे तुषार सोडून केलं. निसर्गाने नाकारलेली हवा माणसाने खड्डा खणून मिळवली. तरी सूत तुटतं कशाने, हे जाणल्याशिवाय तो खड्डा सुचला नसता.

उलट गोष्टही घडते: माणसाची रेघ निसर्गावर ओढली जाते आणि बसत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात. संपूर्ण सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बघा. पुढे ते १,२२२ वर आणलं. पक्ष्याला लागतं खुरटं गवताळ माळरान, आणि महसुली भाषेत त्याच माळाचं नाव पडीक. एकाच जमिनीला दोन भूगोलांनी दिलेली ही दोन नावं. त्या माळावरच्या कुसळी गवताची मोजदाद या दोन्ही नावांत कुठेच नाही.

आता उजनी. सोलापूरचं पाणी सोलापुरात पडत नाही, हे वाक्य इथल्या प्रत्येक भूगोलाच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावं. भीमा भीमाशंकरला उगवते, तिचं बहुतेक पाणी पुणे जिल्ह्याच्या मावळातलं. इथे आभाळ कोरडं असतानाही धरण भरू शकतं. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यात मृत साठा ६३.६६ आणि उपयुक्त ५३.५७. वर्तमानपत्रात 'उजनी उणे चाळीस टक्के' असं छापून येतं तेव्हा बाहेरचा माणूस चक्रावतो, उणे पाणी कसलं? टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर मोजतात. उणे चाळीस म्हणजे ५३.५७ च्या चाळीस टक्के, जवळपास २१ टीएमसी, मृत साठ्यातून उपसलेलं, आणि तळाशी अजून ४२ शिल्लक. हिशेबाने उजनी उणे ११९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तेव्हा तळ लागेल. शून्य ही रेषा भीमेने आखलेली नाही, ती धरण आखणाऱ्या माणसांनी ठरवलेली पातळी आहे.

आणि पाणी जातं कुठे? सुरू हंगामाच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या, उसाला पाटाने दिलेलं पाणी शेतावर उभं केलं तर ते अडीच मीटरच्या घरात भरेल. जिल्ह्यात आभाळातून पडतं अर्ध्या मीटरच्या आसपास. तरी जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. ज्वारी पावसाच्या हिशेबात बसते, ऊस भावाच्या आणि पाटाच्या. कालवा आला तिथे डावा रकाना पुसला गेला असं वाटतं. मग २०२४ सारखा उन्हाळा येतो, धरण उणे साठच्या घरात जातं आणि पुसलेली अक्षरं परत दिसू लागतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने उलटा हिशेब दाखवला. नेहमी काळ्या शाईने काढायची ती नदी माढा-मोहोळच्या गावांत शिरली. पाणी वरून आलं होतं, पण पात्राच्या काठाशी घरं आणि ऊस कोणी आणला, त्याची नोंद क्युसेकमध्ये होत नाही.

पाणी खाली गेलं की करमाळ्याच्या अंगाला, केत्तूर-कुगावच्या बाजूला, धरणाचा गाळ उघडा पडतो. सह्याद्रीतून वाहत आलेली, तळहाताला लोण्यासारखी लागणारी माती. तिथे गाळपेर करतात: पाणी हटेल तसतसं मागे मागे जात मका, कडवळ टाकायचं, बहुधा चाऱ्यासाठी, आणि पाऊस यायच्या आत कापून मोकळं व्हायचं. उशीर झाला तर पीक पाण्याखाली. नांगर कधी कधी दगडाला लागतो. उकरून बघितलं तर उंबरठा असतो, पायाची ओळ असते, राखेचा करडा थर असतो. धरणाआधीच्या गावाची पांढर, वर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गाळ, आणि त्यावर वीतभर मका.